एकविसाव्या पानावरची कुयरी

आमच्या लालबागच्या लायब्ररीत दारासमोरच एक पाटी होती. 'पुस्तकात कोणत्याही प्रकारची खूण करू नये.' अक्षरं झकास, रंग उडालेला, आणि तिचं आजवर कोणी म्हणजे कोणीही ऐकलं नाही. कुठलंही जुनं पुस्तक उघडा, ठरावीक पानांच्या कोपऱ्यात बारीक खुणा सापडायच्याच. पन्नासाव्या पानावर त्रिकोण, अकराव्यावर फुली, कुठे तुळशीवृंदावन, कुठे नुसतं टिंब. नव्या माणसाला वाटायचं पोरांनी चाळे केलेत. पोरं कसली, चांगल्या पोक्त बायकांची कामं होती ती.

त्याचं असं होतं की गिरणगावात पुस्तकं आणायची पुरुषांनी आणि वाचायची बायकांनी. गिरणीतली पाळी सुटली की माझे वडील येताना लायब्ररीत शिरायचे आणि हाताला येईल ते उचलून आणायचे. त्यांना स्वतःला वाचनाशी देणंघेणं नव्हतं. जाडजूड पुस्तक दिसलं की ते चांगलं, एवढंच त्यांचं शास्त्र. मग तेच तेच पुस्तक तीन तीनदा घरी यायचं आणि आईचा पारा चढायचा. चाळीतल्या सगळ्याच घरांत हा तमाशा. त्यातून बायकांनी ही युक्ती काढली. प्रत्येकीनं आपलं एक पान धरायचं, आपली एक खूण ठरवायची आणि पुस्तक वाचून संपलं की त्या पानावर ती करायची. आणणाऱ्यानं फक्त ते पान उघडून बघायचं. खूण दिसली की पुस्तक जागेवर, नसली की पिशवीत.

आईचं पान एकविसावं आणि खूण कुयरी. एकवीस का, ते तिनं कधी सांगितलं नाही, मोदकांचा आकडा म्हणून असेल. पण कुयरी मात्र सुबक. इवलीशी, पोटात एक टिंब, शेपूट डावीकडे वळलेलं. वडील गेले, मी नोकरीला लागले आणि एकविसावं पान बघायचं काम माझ्याकडे आलं. लोअर परळला ऑफिस. दर गुरुवारी ऑफिस सुटलं की मी चालत लायब्ररीत यायची, रॅकसमोर उभी राहून पुस्तकं उघडायची, एकवीस, कुयरी, ठेव परत. एकवीस, कुयरी, ठेव परत. कधी कधी एक बिनकुयरीचं सापडेपर्यंत कंबर धरायची. मी स्वतः लग्न केलं नाही, आई आणि मी अशा दोघीच, त्यामुळे गुरुवारचा हा कार्यक्रम कोणाला सांगून करायची गरज नव्हती.

लायब्ररी सांभाळायचे काका. सगळी गल्ली त्यांना काकाच म्हणायची, मग मीही. खुणांवरून ते सगळ्यांना झापायचे. "पुस्तक आहे का रांगोळीचा ठिपकेकागद?" आणि त्यांची स्वतःची खूण शेवटच्या पानाच्या मागे असायची, बारीकसा चष्मा. मी एकदा ती त्यांना दाखवली तर म्हणाले, "मी ग्रंथपाल आहे. माझी ती खूण नाही, ती तपासणी."

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. आम्ही चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा प्रश्नच नाही, आणि तिच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय. काही वर्षं ती खाली उतरलेली नाही. तिची खाट गॅलरीच्या दाराशी आहे. उजेड तिथेच येतो म्हणून. गल्लीच्या आतल्या टोकाला लायब्ररी, बाहेरच्या टोकाला मोठा रस्ता, आणि मध्ये आमची चाळ. गल्लीत येणारं जाणारं सगळं आईच्या खाटेखालून जातं. दुपारचं जेवण झालं की ती उशीला टेकून, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांवर चष्मा आणि वर भिंग धरून वाचत बसायची. टीव्ही तिला सोसत नाही. "नुसतो आरडता मेलो," म्हणते, तिच्या मालवणीत. पुस्तक हे तिचं खाली उतरणं होतं, असं मी म्हटलं तर कोणी हसू नये.

माझ्या भाच्यानं तिला टॅब आणून दिला. पोरगा प्रेमळ आहे, त्यात त्यानं किती तरी मराठी पुस्तकं भरून दिली. "आजी, आता अक्षर हवं तेवढं मोठं कर." तिनं केलं. खूश झाली, सगळा दिवस बोट फिरवत बसली. संध्याकाळी मला म्हणाली, "ह्याचा एकविसावा पान खय गेला?" कारण अक्षर मोठं केलं की एकविसाव्या पानाचं साठावं होतं, लहान केलं की बारावं. भाच्यानं फोनवर समजावलं की पान नसतंच त्यात, टक्के असतात. आईनं शांतपणे ऐकलं. मग टॅबला त्याच्याच कव्हरात घातलं आणि देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. "पान नाय तर कुयरी खय काढू?" तिचा मुद्दा बिनतोड होता.

तर लायब्ररी. ती एका जुन्या ट्रस्टची. ट्रस्टचे सेक्रेटरी आमच्याच चाळीत राहतात, दुसऱ्या मजल्यावर. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला बरं पडलं असतं, तोंडभर शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यांचं म्हणणं होतं की पुस्तकं कोणी नेत नाही आणि पोरांना अभ्यासाला जागा नाही. दोन्ही खरं होतं. आमच्याकडे एका खोलीत पाच पाच माणसं, त्यात टीव्ही, त्यात कुकर. पोरगं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणार कुठे? लायब्ररीत कोपऱ्यातली दोन टेबलं होती, तिथे पोरं सकाळपासून रांगा लावायची. मी त्यांतल्या एका मुलीला एकदा विचारलं, "अगं, एवढी इथे बसतेस, एखादं पुस्तक ने की घरी." ती गोड हसली आणि म्हणाली, "आंटी, सिलॅबसमध्ये आहे का?" पाठीमागे छतापर्यंत पुस्तकं आणि तिची खुर्ची त्या पुस्तकांना पाठ करून. तिचा काय दोष? तिला नोकरी हवी होती, आणि पुस्तकानं नोकरी लागत नाही हे मला काय माहीत नाही?

ट्रस्टनं एकदम टाळं नाही लावलं, हेही सांगायला हवं. आधी प्रयत्न केले. लोकांना पुस्तकांकडे वळवायचं म्हणून एक रविवार ठरला. मंडळाच्या पोरांनी गल्लीत मांडव घातला, स्पीकर आणला. पुठ्ठ्याची एक भलीमोठी चौकट केली, वर लिहिलं 'मी वाचतोय!' आणि समोर एक खुर्ची. लोकांनी त्या चौकटीत बसून पुस्तक हातात धरून फोटो काढायचा. झालं, गर्दी उसळली. काकांनी बिचाऱ्यांनी चांगली पुस्तकं निवडून टेबलावर मांडली होती. पण फोटोला सगळ्यांना एकच पुस्तक हवं, लाल कव्हरचं, कारण ते कपड्यांवर उठून दिसत होतं. एक बाई तर ते उलटं धरून बसली. काका म्हणाले, "ताई, सुलटं धरा." ती म्हणाली, "असू दे, वाचायचंय कुठे?" संध्याकाळी काकांनी टेबल आवरलं. घरी न्यायला एकही पुस्तक गेलं नव्हतं. रील मात्र खूप लोकांनी बघितली म्हणे. मला तर वाटलं की त्या चौकटीवर डोकं आपटावं, पण पुठ्ठ्यावर आपटून काय उपयोग.

त्यानंतर सेक्रेटरी मला जिन्यात भेटले. म्हणाले, "पुढच्या रविवारी ट्रस्टी बघायला येणारेत. पुस्तकं हलताना दिसली तर अर्धा हॉल ठेवू, नाहीतर सगळ्याची अभ्यासिका. माझ्या हातात नाही हो ताई." मी घरी येऊन ते आईला सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला असणार, कारण शेजारच्या दोघीतिघी दारात येऊन उभ्या राहिल्या.

आई पडूनच होती. ती उठून बसली. "हलताना दिसूक व्हयी ना? मगे हलवा. सगळ्यांनी पुस्तका घराक नेवा. पिशये भरून नेवा. ट्रस्टी इले आणि रॅक रिकामे दिसले की तेंका कळतला, वाचणारे आसत ते."

बाई काय बोलली! दारातल्या एकदम उजळल्या. आम्ही चाळीतली माणसं, आम्हाला हे पटकन समजतं. आमच्याकडे हळदीकुंकवाला ताट रिकामं परत आलं की बाईची शान असते. लग्नात पातेलं तळाशी लागलं की यजमान कॉलर ताठ करून फिरतो. रिकामं झालं म्हणजे लोकांना आवडलं. याच्याइतकं सरळ गणित दुसरं कुठलं? मलाही ते तितकंच सरळ वाटलं. मी आईच्या पाठीवर थाप मारली, तर ओरडली, "हळू मार, हाडा रवली हत फक्त."

मग आठवडाभर जी धमाल झाली ती मी विसरणार नाही. आईनं खाटेवर दरबार भरवला. कोणी कुठलं पुस्तक न्यायचं ते तीच सांगायची. "तू त्या डाक्तरणीचा ने, रडशीत पण सोडूचस नाय. तू रहस्यकथा ने, तुझ्या घोवाक झोप येणा नाय ना, तेकाव दी." आणि आई सांगणार ती अर्थातच तिनं वाचलेली, तिची आवडती. बायका पिशव्या घेऊन निघाल्या. भाजीच्या, दुकानाच्या, लग्नात मिळालेल्या. ज्यांनी जन्मात पुस्तक नेलं नव्हतं त्यासुद्धा. कोळीवाड्यातून आमच्या गल्लीत मासे विकायला येणारी मावशी रिकाम्या टोपलीतून घेऊन गेली, वर काकांना सांगून गेली, "वास लागंल, बोलायचं नाय." काकांनी एका वेळी एकच पुस्तक हा आयुष्यभराचा नियम मोडला. मी त्यांना इतकं बोलताना कधी बघितलं नव्हतं. प्रत्येक पुस्तक देताना ते त्यावर दोनदा हात मारायचे, धूळ उडायची आणि ते शिंकायचे.

शनिवारपर्यंत रॅक जवळजवळ रिकामे झाले. भिंतीला टेकलेले थोडे ग्रंथ उरले, ज्यांना उचलायलाच दोन माणसं लागली असती, आणि वरच्या खणातली काही. मी आईला फोटो दाखवला. तिनं भिंगातून नीट बघितला. "आता येवंदेत," म्हणाली.

रविवारी ट्रस्टी आले. चौघेजण होते, त्यांतले दोघं बाहेर राहणारे, लायब्ररीत पहिल्यांदाच येत असावेत. आम्ही वीसपंचवीस सभासद मुद्दाम थांबलो होतो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ट्रस्टी आत शिरले, रिकाम्या रॅकवरून नजर फिरवली आणि त्यांतले जे सगळ्यात वडीलधारे होते ते हात जोडून म्हणाले, "वा! वा! तुम्ही तर आधीच जागा मोकळी केलीत. आम्हाला वाटलं होतं, तुम्ही विरोध कराल."

काका म्हणाले, "अहो, मोकळी नाही, पुस्तकं वाचायला नेलीत." ट्रस्टी म्हणाले, "हो हो, तेच. ज्याला हवी त्यानं नेली, घरी राहतील, उत्तमच झालं." मी पुढे झाले. मी तावातावानं बोलले, काय बोलले ते मला आज धड आठवत नाही, पण माझं बोलणं त्यांना कौतुकासारखं ऐकू येत होतं हे आठवतं. ते मान डोलावत होते. एकानं मोबाइलवर रॅकचे फोटो काढले, मोजमाप सांगितलं, इथे एसी, इथे चार्जिंगचे पॉइंट, इथे मोठा पडदा. संध्याकाळी चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरींचा संदेश आला. सभासदांनी स्वतःहून पुस्तकं घरी नेऊन नव्या अभ्यासिकेसाठी जे सहकार्य केलं त्याबद्दल ट्रस्ट सर्वांचा आभारी आहे. खाली हात जोडलेले, फुलं, आणि आमचेच रिकामे रॅक.

मी तो संदेश वाचला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना टेम्पो आला. रॅक भंगारात गेले, उरलेले ग्रंथ आणि वरच्या खणातली पुस्तकं त्याच टेम्पोत गेली. काकांनी थांबवायला बघितलं, पण ट्रस्टचं पत्र होतं आणि काकांना पगार ट्रस्टचा. त्यानंतर ते गावी गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "पाटी तेवढी काढून घेतली मी."

रविवारी घरी आल्यावर आईनं विचारलं होतं, "काय म्हणाले?" आणि मी म्हटलं होतं, "विचार करतो म्हणाले." सोमवारी पुन्हा विचारलं, मी म्हटलं, "अर्धा हॉल ठेवणार." कसं सांगणार? तिच्या डोक्यातून निघालेली ती कल्पना. आयुष्यात या बाईनं चार भिंतींच्या बाहेर एकच गोष्ट केली आणि तीच अशी अंगावर आली. मी चाळीतल्या सगळ्या बायकांना जिन्यात गाठलं आणि हात जोडले, आईसमोर शब्द काढू नका. आमच्या चाळीत कोणाच्या घरात मीठ जास्त पडलं तरी तळमजल्याला कळतं. पण हे त्यांनी पाळलं. येता जाता आईला आपण होऊन सांगायच्या, "काल बदलून आणलं हो पुस्तक." इतक्या गोड आवाजात की मलाच खरं वाटायचं.

आता गुरुवारी मी ऑफिसातून सुटले की लायब्ररीऐवजी चाळीतल्या खोल्या फिरायची. बायकांनी नेलेली पुस्तकं घराघरात होती. पलंगाखाली, माळ्यावर, शिलाई मशीनखाली, एकीनं तर तांदळाच्या डब्यावर ठेवलेली. मी ती उघडायची. एकवीस, कुयरी. एकवीस, कुयरी. सगळ्यांवर कुयरी! असणारच, आईनंच निवडून दिलेली. तिनं न वाचलेली होती ती टेम्पोत गेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी तिथेच पायरीवर बसले.

दादरच्या एका लायब्ररीत नाव घालून पुस्तक आणून बघितलं. आईनं पहिलं पान उघडलं. "ह्यो शिक्को आपलो नाय." मी म्हटलं, अदलाबदलीची योजना आहे. ती हुं म्हणाली, वाचलं, पण कुयरी काढली नाही. "दुसऱ्याच्या पुस्तकार कशी काढू?" म्हणजे मला आता पुस्तक हवं होतं ते आमच्या लायब्ररीच्या शिक्क्याचं आणि कुयरी नसलेलं. असली पुस्तकं टेम्पोतून उतरून मुंबईच्या रद्दीत विरघळली होती. मी ती शोधायला लागले. लालबाग, परळ, करी रोड, मग गिरगाव. रद्दीच्या दुकानात पावशेर धूळ खाऊन गठ्ठे उपसायची. एका दुकानदारानं विचारलं, "मॅडम, कौनसी किताब चाहिये, नाम बोलो." मी म्हटलं, नाव माहीत नाही. "लेखक?" माहीत नाही. "फिर पहचानोगी कैसे?" मी म्हटलं, एकविसावं पान कोरं असेल. त्यानं मला पाण्याचा ग्लास दिला.

तशी मला सगळी मिळून तीनचारच मिळाली. एक मिळालं की मी आठवडाभर हवेत. आई उघडायची, एकविसावं पान बघायची, आणि "अरे वा," म्हणायची. ते 'अरे वा' ऐकण्यासाठी मी गिरगावातल्या गल्ल्या तुडवल्या. वाचून झालं की ती पेन मागायची आणि जीभ दातांत धरून कुयरी काढायची. हात थरथरतो आता, शेपूट लांबतं.

इकडे खोल्यांमधली पुस्तकंही जायला लागली. बायका तरी किती दिवस ठेवणार? दहा बाय बाराच्या खोलीत माणसाला कूस बदलायला जागा नाही. एकीच्या सुनेचं बाळंतपण आलं, एकीकडे ढेकूण झाले, एकीनं गॅलरीत ठेवली ती भिजली. परत करायला लायब्ररी नाही. अभ्यासिकेत नेली तर पोरं म्हणाली, "इथे ठेवायचं अलाउड नाही, काकी." तिथे आता दारावर एक चौकोन चिकटवलाय, तो मोबाइलनं टिपला की हजारो पुस्तकं म्हणे फुकट उघडतात. मी टिपला. उघडली खरी. मी त्यांतलं एक वाचायलाही घेतलं आणि मध्येच ऑफिसचा मेसेज आला. नंतर मी परत गेले नाही. मलाही कुठे जमतंय?

शेवटी एका गुरुवारी माझ्या हाती काहीच लागलं नाही. रद्दीत नाही, चाळीत नाही. पाय दुखत होते, ऑफिसात बोलणी खाल्ली होती. मी शिलाई मशीनखालचं एक पुस्तक उचललं. कुयरी होती, जुनी, पेन्सिलीतली, अगदी पुसट. वाटलं, दिसणार नाही. आईच्या डोळ्यांचं काय राहिलंय आता. मी ते तिच्या हातात दिलं आणि चहा टाकायला वळले.

'अरे वा' नाही, 'ह्या वाचून झाला' नाही. मी वळून बघितलं. तिनं एकविसावं पान उघडलं होतं आणि भिंग बाजूला ठेवून त्या कोपऱ्यावर बोट फिरवत होती.

"आई, चुकून आणलं ग. काकांनी घाईत दिलं."

"काका गावाक गेलो," ती म्हणाली.

मी गॅस बंद केला.

"टेम्पो ह्या गॅलरीखालसूनच गेलो, चेडवा. दुपारची वेळ. माका रॅक वळखूक येवचे नाय? पन्नास वर्सा माझी पुस्तका ठेवल्यानी तेंनी." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "ग्रंथ वर घातलले, एक पडलो रस्त्यार. ड्रायव्हरान पायान सारल्यान बाजूक."

म्हणजे पहिल्या दिवसापासून. मी खोटं बोलत होते, शेजारणी खोटं बोलत होत्या, आणि ती आम्हा सगळ्यांना 'अरे वा' म्हणत होती. मला दर गुरुवारी धुळीनं माखून घरी येताना बघत होती आणि काही विचारत नव्हती, का तर मला वाईट वाटेल. मी तिच्याशेजारी खाटेवर बसले आणि सुचेल ते बोलत सुटले. म्हटलं, "अगं, त्यांनी तशीही बंद केलीच असती. ठरलंच होतं त्यांचं. आपण काहीही केलं असतं तरी केली असती."

"केली आसती," ती म्हणाली. "पण तेंच्या हातान."

मग तिनं पुस्तक मिटलं, दोन्ही हातांनी, आणि मला परत दिलं. पेन मागितला नाही.

आता गुरुवारी मी ऑफिसातून सरळ घरी येते. आई गॅलरीच्या दाराशी पडून असते, तोंड भिंतीकडे करून. चष्मा दोन दिवस एकाच जागी पडलेला असतो. मी विचारते, टीव्ही लावू का? ती म्हणते, "लाव."